फोटोत तुम्हीही हव्यात!

मुकुंदवाडीहून सहकुटुंब वेरूळला निघालात? मंगळवारी लेणी बंद असतात, हे लक्षात ठेवा. कॅमेऱ्याला १८-१३५ची झूम लेन्स असली, की धुळीत लेन्स बदलायची कटकट नाही. १८वर कैलास लेण्याचा मोठा भाग फोटोत येतो, १३५वर उंचावरची नक्षी जवळ दिसते.

पण १८वर आजींच्या अगदी जवळ जाऊन फोटो काढू नका. नाक मोठं दिसतं. चार पावलं मागे या, झूम ७०च्या आसपास ठेवा. चेहरा जसा आहे तसा येतो.

आणि घरात फोटो काढणारी बाई फोटोत बहुधा नसतेच. कॅमेरा बाकावर ठेवा, १० सेकंदांचा टायमर लावा आणि आजींशेजारी जाऊन उभ्या राहा. उद्या नातवंडं तुम्हालाही शोधतील.