आधी पायऱ्या मोजा, मग गावं



परदेशी सहलीचा विषय घरात निघाला की पहिली गोष्ट होते ती यादी. हे पाहायचं, ते पाहायचं, इथं फोटो काढायचा, तिथं जेवायचं. इटलीच्या दक्षिण भागातल्या अमाल्फी किनाऱ्याची चित्रं तर आपण कॅलेंडरांवर, सिनेमांत, मोबाइलवर कितीदा पाहिलेली असतात. निळाशार समुद्र, त्यातून सरळ वर उठलेला डोंगर आणि डोंगराला धरून एकावर एक रचलेली पिवळी, गुलाबी, पांढरी घरं. ही चित्रं खोटी नाहीत. पण त्या घरांच्या दारापर्यंत पोचायच्या पायऱ्या चित्रात दिसत नाहीत. तीन-चार दिवसांची कौटुंबिक सहल तिथं रंगणार की फसणार, हे बहुतेक वेळा या पायऱ्यांवरच ठरतं.

आपल्याकडून अशा सहलीला सहसा तीन पिढ्या निघतात. मुलगा किंवा मुलगी युरोपात नोकरीला असते, आई-वडील भेटीला जातात आणि जोडून चार दिवस समुद्रकाठी काढायचे ठरतात. बरोबर एखादं आठ-दहा वर्षांचं नातवंड. आखणी करणारा असतो चाळिशीतला, चालायला खमका. तो स्वतःच्या पायांच्या हिशेबानं यादी करतो. मग दुसऱ्याच दिवशी दुपारी आजी जिन्याच्या पायथ्याशी बाकावर बसते, पिशव्या जवळ घेते आणि म्हणते, ''तुम्ही जाऊन या, मी बसते इथंच.'' हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. त्यात तक्रार नसते, म्हणून ते अधिक लागतं. जिच्यासाठी एवढा खर्च केला, तिच्याच वाट्याला सामान राखणं येतं.

म्हणून माझं आजचं सांगणं एवढंच आहे. या किनाऱ्याची आखणी घरातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसापासून सुरू करा. त्याला जे जमेल ते आधी ठरवा. बाकीचं त्याभोवती बसवता येतं.

आधी भूगोल समजून घेऊ. नेपल्सच्या दक्षिणेला एक द्वीपकल्प समुद्रात शिरलं आहे. त्याची दक्षिणेकडची बाजू म्हणजे अमाल्फीचा किनारा. पश्चिमेला पोझितानो, पूर्वेला सालेर्नो शहराला लागून व्हिएत्री, आणि मध्ये अमाल्फी, रावेल्लो, मिनोरी, माइओरी, चेतारा अशी गावं. १९९७ मध्ये युनेस्कोनं हा प्रदेश जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. पुष्कळांच्या यादीत असणारं सोरेंटो मात्र द्वीपकल्पाच्या दुसऱ्या अंगाला, नेपल्सच्या उपसागराकडे तोंड करून आहे.

या गावांना जोडणारा रस्ता एकोणिसाव्या शतकात डोंगर कोरून काढला. घाटात वाढलेल्या माणसाला तो परका वाटणार नाही. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल समुद्र, आणि वळणावर बसचा चालक हॉर्न देतो ती समोरच्यानं थांबावं म्हणून. नकाशावर वीस-पंचवीस किलोमीटर दिसणाऱ्या अंतराला गर्दीच्या दिवसांत दीड-दोन तास सहज लागतात. तिथं स्वतः गाडी चालवायचा मोह टाळावा. गाडी लावायला जागा मिळत नाही, मिळाली तर फार महाग पडते. शिवाय २०२२ पासून गर्दीच्या हंगामात सम-विषम क्रमांकांचा नियम लावला जातो, दिल्लीत २०१६ साली केला होता तसाच. सुट्टी कुटुंबासाठी घ्यायची आणि घरातल्या एकानं चारही दिवस रस्त्याकडेच डोळे लावून बसायचं, हा व्यवहार परवडत नाही.

आता मुक्काम. सहल छोटी असेल तर मुक्काम एकच ठेवावा. रोज बॅगा भरायच्या, उचलायच्या, पुन्हा उघडायच्या, यात प्रत्येक वेळी अर्धा दिवस जातो. वयस्कर माणसं बरोबर असतील तर सालेर्नो ही मला सर्वांत सोयीची जागा वाटते. रोमहून वेगवान गाडीनं तिथं साधारण दोन तासांत थेट पोचता येतं. गाव सपाट आहे, समुद्राकाठी झाडांच्या सावलीत लांबलचक फिरायची जागा आहे आणि बोटीचा धक्का रेल्वे स्टेशनपासून चालत जाण्याइतका जवळ आहे. खोल्यांचे दर पोझितानोपेक्षा बरेच कमी असतात. किनाऱ्यावरच राहायचं असेल तर माइओरी किंवा मिनोरी पाहावं. माइओरीची चौपाटी या किनाऱ्यावरची सर्वांत लांब. तिथं आजी-आजोबांना संध्याकाळी एकही पायरी न चढता फिरता येतं.

खोली ठरवताना ''समुद्र दिसतो का'' हे आपण विचारतोच. त्याच्या जोडीला आणखी तीन प्रश्न विचारावेत. बस थांब्यापासून किंवा धक्क्यापासून दारापर्यंत किती पायऱ्या आहेत? इमारतीत लिफ्ट आहे का? असेल तर ती रस्त्याच्या पातळीपासून सुरू होते, की काही पायऱ्या चढल्यावर? या किनाऱ्यावर साधा नियम आहे: समुद्र जितका जास्त दिसतो, तितकं घर उंचावर असतं. उत्तर आकड्यांत मागावं. ''थोड्याशा पायऱ्या'' या उत्तराला तिथं काही अर्थ नाही. ज्यांचा जन्म त्या पायऱ्यांवर गेला, त्यांना ऐंशी पायऱ्याही थोड्याच वाटतात. मुक्कामाच्या जागी माणशी, दर रात्रीचा स्थानिक पर्यटन करही बहुधा वेगळा भरावा लागतो, तो हिशेबात धरून ठेवावा.

प्रवासासाठी जमेल तिथं बोट घ्यावी. साधारण एप्रिल ते ऑक्टोबर या काळात सालेर्नो, अमाल्फी आणि पोझितानो यांच्यामध्ये प्रवासी बोटी चालतात. सालेर्नोहून अमाल्फी सुमारे पस्तीस मिनिटं, पोझितानो तासाभरापेक्षा थोडं अधिक. बोटीत गाडी लागण्याचा त्रास बऱ्याच जणांना बसपेक्षा कमी होतो, आणि हा किनारा खरा दिसतो तो समुद्रावरूनच. पण खरी सोय वेगळीच आहे. पोझितानोला बसनं गेलात तर तुम्ही वरच्या हमरस्त्यावर उतरता, खाली समुद्रापर्यंत पायऱ्या उतरता आणि परतताना त्या सगळ्या चढता. बोटीनं गेलात तर थेट चौपाटीशीच उतरता. रंगीत कौलांच्या घुमटाचं तिथलं प्रसिद्ध चर्चही तिथून जवळ आहे. गाव तेच, पण गुडघ्यांचा अनुभव अगदी निराळा.

समुद्र खवळला की बोटी बंद होतात, म्हणून बसची माहितीही हाताशी हवी. बसचं तिकीट चढण्यापूर्वी तंबाखू-वर्तमानपत्रांच्या दुकानात किंवा कॉफीच्या दुकानात घेऊन ठेवावं. हंगामात मधल्या थांब्यांवर भरलेली बस थांबत नाही, तेव्हा जिथून ती सुटते तिथूनच बसावं. सालेर्नोहून अमाल्फीला जाताना समुद्र डाव्या हाताला असतो, सोरेंटोकडून येताना उजव्या. ज्यांना घाट लागतो त्यांनी पुढची जागा धरावी आणि औषध निघण्याआधी घ्यावं. परतीच्या विमानाच्या दिवशी मात्र बोटीवर भिस्त ठेवू नये.

दिवसांची मांडणी अशी करता येईल. पोचण्याच्या दिवशी काहीही ठेवू नका. उन्हाळ्यात इटलीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. शरीराला तेवढी सवड द्या.

दुसऱ्या दिवशी बोटीनं अमाल्फी. हे चिमुकलं गाव एके काळी स्वतंत्र सागरी सत्ता होतं, त्याचे व्यापारी पूर्वेकडच्या बंदरांपर्यंत जात. चौकातल्या संत अँड्र्यूच्या कॅथीड्रलला बासष्ट पायऱ्या आहेत. ज्यांना चढायचं नाही त्यांना चौकात बसून तो दर्शनी भाग सुरेख दिसतो. वरच्या अंगाला जुन्या गिरणीत कागदाचं संग्रहालय आहे. चिंध्या कुटून, पाण्याच्या जोरावर कागद कसा बनवत, हे तिथं कळतं. नातवंडं तिथं रमतात.

तिसऱ्या दिवशी रावेल्लो. हे गाव समुद्रापासून साडेतीनशे मीटर उंचावर आहे, पण बस जवळजवळ चौकापर्यंत नेते. चौकाला लागूनच व्हिला रुफोलोची बाग आहे. जर्मन संगीतकार वाग्नर १८८० साली तिथं आला आणि आपल्या ऑपेरातली जादूची बाग आपल्याला इथं सापडली असं त्याला वाटलं. तिथल्या संगीत महोत्सवाला ती आठवण अजून पुरते. दुसरी बाग, व्हिला चिम्ब्रोने, पुढे चढाच्या वाटेवर आहे. दमलेल्यांनी चौकात कॉफी घ्यावी, बाकीच्यांनी जाऊन यावं. चौथ्या दिवशी बोटीनं पोझितानो, एक निवांत जेवण आणि परत.

मग तरुणांनी काय करायचं, असं कोणी विचारील. त्यांच्यासाठी बोमेरानो ते नोचेल्ले ही डोंगरावरची पायवाट आहे, तिला 'देवांची वाट' म्हणतात. तीनेक तास लागतात. नोचेल्लेहून खाली पोझितानोच्या बाजूला उतरायला दीड हजारांहून अधिक पायऱ्या आहेत. त्या सकाळी आजी-आजोबांनी माइओरीच्या चौपाटीवर बसावं, मिनोरीतल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन वाड्याचे अवशेष पाहावेत. अर्धा दिवस वेगळं फिरण्यात काही बिघडत नाही. दोघांच्याही वाट्याला पाहण्यासारखं काही आलं पाहिजे, एवढंच.

पॉम्पेई पाहण्याची इच्छा सर्वांनाच असते. नोव्हेंबर २०२४ पासून तिथं दिवसाला वीस हजार माणसांनाच प्रवेश आहे आणि तिकिटावर नाव असतं, म्हणून ते आधी काढून ओळखपत्र बरोबर ठेवावं. जुन्या दगडी रस्त्यांवरून उन्हात चालणं मात्र सोपं नाही. ज्यांना ते झेपणार नाही त्यांनी सालेर्नोहून रेल्वेनं अर्ध्या-पाऊण तासावर असलेलं पेस्तुम पाहावं. तिथं अडीच हजार वर्षांपूर्वीची तीन ग्रीक मंदिरं सपाट मैदानात उभी आहेत.

जायचं कधी, हा प्रश्न आपल्याकडे शाळेच्या वेळापत्रकाशी बांधलेला असतो. आपल्या उन्हाळी सुट्टीतला मे महिना तिथं उत्तम. हवा सुखद, बोटी सुरू झालेल्या आणि ऑगस्टची गर्दी अजून दूर. फक्त २५ एप्रिल, १ मे आणि २ जून या इटलीतल्या सार्वजनिक सुट्ट्यांच्या आसपासचे दिवस टाळावेत. दिवाळीच्या सुट्टीत स्वस्ताई असते, पण तोवर बोटी कमी होत आलेल्या असतात आणि पाऊस सुरू होतो. तिथला शरद ऋतूतला पाऊस साधा समजू नये. १९५४ च्या ऑक्टोबरअखेरीस सालेर्नो आणि या किनाऱ्यावर पूर आणि दरडींनी तीनशेहून अधिक माणसं गेली होती.

शेंगेन व्हिसाचा अर्ज निघण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्यात भेटीच्या वेळा भराभर संपतात, तेव्हा तीन महिने आधीच कामाला लागावं. एकाहून अधिक देश पाहायचे असतील तर जिथं जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ युरो शुल्क आहे, त्याहून लहानांना माफ. किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक आहे. वयस्करांचा विमा घेताना जुन्या आजारांबद्दलच्या अटी नीट वाचाव्यात.

आणि जेवण. शाकाहारी माणसाची तिथं उपासमार होत नाही. 'मरिनारा' हे नाव ऐकून दचकू नका. त्या पिझ्झात मासे नसतात, टोमॅटो, लसूण आणि ऑलिव्ह तेल असतं. वांग्याचे थर रचून केलेली पार्मिजाना आपल्या जिभेला चटकन रुचते. पार्मेझान चीज करताना मात्र वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, हे कडक शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावं. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटली भरून घ्यावी. आजीनं चिवडा-मेतकूट नेलं तर हसू नये, संध्याकाळी सगळेच तिच्याकडे हात पसरतात.

श्रोतेहो, या किनाऱ्यावरची लिंबं फार नावाजलेली आहेत. मोठी, टोकदार, सुगंधी. दगडी बांध घालून केलेल्या पायरी-पायरीच्या शेतात ती पिकतात आणि शेतकरी अजूनही खोकी खांद्यावर घेऊन उतरतात. तिथली माणसं घाई करत नाहीत, कारण डोंगर घाई करू देत नाही. पाहुण्यांनीही तेच धरावं. निघण्याआधी एके संध्याकाळी नकाशा उघडून आजी-आजोबांसमोर ठेवा आणि विचारा, यातलं तुम्हाला काय पाहायचं आहे? त्यांनी बोट ठेवलेलं गाव यादीत सर्वांत वर लिहा. तिथपर्यंत किती पायऱ्या आहेत, हे शोधण्याचं काम घरातल्या तरुणांचं.