वयाचा दाखला

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींतील ज्या गाळ्यांत स्टीलच्या भांड्यांचे पत्रे कापले जातात, तेथे नवा कामगार दारी आला असता त्याच्या हातांतील कौशल्याआधी त्याच्या वयाची खातरजमा करणे, हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य होय.

१९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली, आणि कुटुंबातील मदत व कलाक्षेत्र हे मर्यादित अपवाद वगळता १४ वर्षांखालील मुलास कामावर ठेवणे सर्वथा निषिद्ध ठरले. १४ ते १८ वयाच्या किशोरांना धोकादायक कामांची मनाई झाली. आधारपत्र पाहिले म्हणजे कर्तव्य संपले, ही समजूत मला घातक वाटते. ते ओळखीचे साधन आहे, जन्मतारखेचा निर्णायक पुरावा नव्हे. जन्माचा वा शाळा सोडल्याचा दाखला मागावा. दाखला नसताना वयाविषयी वाद उपस्थित झाल्यास निरीक्षक ते प्रकरण विहित वैद्यकीय अधिकाऱ्याकडे सोपवतो. वरील मनाई मोडणाऱ्या मालकास सहा महिने ते दोन वर्षे कैद, २० ते ५० हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

मात्र परमुलखातून एकट्याने आलेल्या अल्पवयीन पोरास नुसते परतवून लावू नये. १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर तत्काळ वर्दी द्यावी.