हडसन युनिव्हर्सिटीत वर्ग कधी भरतो?

(मंडळाच्या गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



समितीने मला दहा मिनिटं दिली आहेत आणि मागच्या हॉलमधून मसालेभाताचा वास यायला लागलाय. तेव्हा माझी खरी स्पर्धा कोणाशी आहे ते मला नीट कळतंय! मी काही वक्ता नव्हे. शिक्षणाने कम्प्युटर इंजिनिअर, पोटापाण्यासाठी आय. टी. कन्सल्टंट, आणि रविवारी सकाळी आपल्या मराठी शाळेतल्या मोठ्या गटाचा 'सर'. आजचा विषय मला त्या शाळेतच मिळाला.

गेल्या वर्षी मी मुलांना निबंध दिला होता, 'मी मोठेपणी कुठे आणि काय शिकणार'. अपेक्षित नावं आली. अर्ध्या वर्गाला हार्वर्ड, उरलेल्यांना एम. आय. टी. एका मुलाने मात्र लिहिलं, 'मी हडसन युनिव्हर्सिटीत शिकणार कारण रॉबिन तिथे शिकला.' हा रॉबिन म्हणजे बॅटमनचा. पालकसभेत मी नाव न सांगता ते वाक्य वाचून दाखवलं, सगळे हसले. सभा संपल्यावर पार्किंग लॉटमध्ये एक ताई मला गाठून हळूच म्हणाल्या, "सर, हे हडसन नक्की कुठे आलं हो? रँकिंग काय आहे त्याचं?"

म्हटलं, "ताई, ते अस्तित्वातच नाही." मग त्याही हसल्या. पण घरी जाताना मला वाटलं, त्यांचं तरी काय चुकलं? आपण न्यू जर्सीत राहतो. पलीकडे हडसन नदी, जर्सी सिटी ज्या काउंटीत आहे तिचं नाव हडसन, आणि तिथे हडसन काउंटी कम्युनिटी कॉलेज नावाचं अगदी खरंखुरं कॉलेजही आहे. नाव असं बेमालूम आहे की खोटं वाटतच नाही. त्याच रात्री मी या हडसनचा इतिहास काढायला बसलो. बायको म्हणाली, "उद्या सकाळी सातला कॉल आहे ना?" असो.

तर मंडळी, ही हडसन युनिव्हर्सिटी कॉमिक्समध्ये आली ती डिसेंबर १९६९ च्या 'बॅटमन'च्या अंकात. रॉबिन, म्हणजे डिक ग्रेसन, हे पात्र १९४० पासूनचं. तीस वर्षं पोरगा शाळेतच! शेवटी लेखकांना दया आली आणि त्याला कॉलेजला पाठवला. न्यू कार्थेज नावाच्या गावातल्या हडसन युनिव्हर्सिटीत. गावही काल्पनिकच. गंमत म्हणजे त्या अंकात मुलगा गेल्यावर बॅटमनला तो अवाढव्य वाडा खायला उठतो. तो चक्क वाडा बंद करतो, आल्फ्रेडला घेतो आणि शहरातल्या एका उंच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला जातो. ज्यांची मुलं या ऑगस्टमध्ये डॉर्ममध्ये गेली त्यांना हे वेगळं सांगायला नको. चार बेडरूमचं घर एकदम मोठं कसं होतं ते बॅटमनलाही कळलं होतं.

आणि पुढे? पुढे डिक ग्रेसनने कॉलेज अर्धवट सोडलं! १९८४ मध्ये त्याने रॉबिनचं नावही टाकलं आणि 'नाइटविंग' झाला. आपल्याकडे असता तर आत्याने विचारलं असतं, "नाइटविंग ठीक आहे रे, पण डिग्री?"

हीच हडसन युनिव्हर्सिटी मग टीव्हीवर भेटते. 'लॉ अँड ऑर्डर' ही मालिका १९९० मध्ये सुरू झाली, २०१० पर्यंत चालली, आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिची भावंडं वेगळीच. 'स्पेशल व्हिक्टिम्स युनिट' १९९९ पासूनचं. यांच्या न्यूयॉर्कमध्ये कॉलेजातला कोणी विद्यार्थी मेला, प्रोफेसर अडकला, होस्टेलवर काही भयंकर घडलं, की कॉलेजचं नाव बहुतेक वेळा हडसन. 'कॅसल' नावाची आणखी एक गुन्ह्यांची मालिका २००९ ते २०१६ होती. चॅनल वेगळं, कंपनी वेगळी, आणि तिथेही हडसन! आईबापांनी सगळे भाग सलग पाहिले तर मुलांना त्या गावातच पाठवणार नाहीत.

मार्व्हलवाल्यांचं वेगळं आहे. त्यांची एम्पायर स्टेट युनिव्हर्सिटी. स्पायडर-मॅन, म्हणजे आपला पीटर पार्कर, डिसेंबर १९६५ च्या अंकात तिथे दाखल झाला. ती न्यूयॉर्कमध्ये, तीही काल्पनिक. २००२ मध्ये चित्रपट आला तेव्हा मात्र खरं कोलंबिया विद्यापीठ दाखवलं. शाळेची सहल तिथल्या प्रयोगशाळेत जाते आणि पीटरला कोळी चावतो.

आता, अमेरिकेत खऱ्या विद्यापीठांना काय तोटा? मग खोटं का लागतं? उत्तर अगदी व्यवहारी आहे. विद्यापीठाचं नाव ही इथे मालमत्ता असते, नोंदवलेला ट्रेडमार्क. टी-शर्टवर छापायलासुद्धा परवानगी लागते. तुमच्या गोष्टीत डीन खुनी निघणार असेल तर कुठलं विद्यापीठ हसतमुखाने परवानगी देईल? शिवाय 'लॉ अँड ऑर्डर'ची ख्यातीच अशी की कालच्या पेपरातली बातमी उचलायची आणि नावं बदलून गोष्ट करायची. खरं नाव राहिलं तर वकिलाची नोटीस ठरलेली. म्हणून स्टुडिओत स्क्रिप्टमधलं प्रत्येक नाव आधी तपासून घेतात. हडसन बरं पडतं. ऐकायला खरं, आणि दुखवायला कोणी नाही.

माझ्या धंद्यात आम्ही हेच करतो. सिनेमात कोणी फोन नंबर सांगितला की तो ५५५ ने सुरू होतो हे तुमच्या लक्षात आलं असेल. ५५५-०१०० ते ५५५-०१९९ हे नंबर खास गोष्टींसाठीच राखून ठेवलेत. इंटरनेटवरही १९९९ मध्ये 'एक्झाम्पल डॉट कॉम' हे नाव असंच उदाहरणांसाठी बाजूला काढून ठेवलं. मी नवीन असताना या गोष्टींना हसायचो. एका क्लायंटकडे टेस्टिंगसाठी एक खोटा ग्राहक तयार केला आणि त्याला मनानेच एक फोन नंबर देऊन टाकला. तो नंबर निघाला एका खऱ्या बाईंचा. रात्रभरात त्यांना 'तुमची ऑर्डर निघाली आहे' असे चाळीस मेसेज गेले. सकाळी त्यांनी जे काही ऐकवलं ते इथे गणपतीसमोर सांगण्यासारखं नाही.

तेव्हा मला कळलं की खोटं दोन प्रकारचं असतं. एक, ज्याबद्दल सगळ्यांचं आधी ठरलेलं असतं की हे खोटं आहे. ५५५ चा नंबर, हडसन युनिव्हर्सिटी. त्याने कोणाचं काही बिघडत नाही. दुसरं, जे समोरच्याला ठाऊक नसतं.

या दुसऱ्या प्रकारची युनिव्हर्सिटीसुद्धा होऊन गेली आहे मंडळी, तीही आपल्याच न्यू जर्सीत. क्रॅनफर्डमध्ये २०१३ साली 'युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्दर्न न्यू जर्सी' उघडली. वेबसाईट होती, बोधचिन्ह होतं, अध्यक्षांचं नाव होतं. वर्ग नव्हता आणि शिक्षकही नव्हता. कारण ती सरकारच्याच तपास खात्याने व्हिसाचे दलाल पकडण्यासाठी लावलेली सापळ्याची युनिव्हर्सिटी होती. एप्रिल २०१६ मध्ये २१ दलालांना अटक झाली आणि हजाराच्या वर विद्यार्थ्यांचे व्हिसा अडचणीत आले, त्यात चिनी आणि भारतीय सर्वांत जास्त. तिकडे मिशिगनमध्ये २०१५ पासून तशीच 'युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन' चालू होती. ती जानेवारी २०१९ मध्ये उघडकीला आली. तिथे सुमारे सहाशे विद्यार्थी, बहुतेक सगळे आपले भारतीय. सरकारचं म्हणणं, वर्ग नाहीत हे या मुलांना पक्कं माहीत होतं. मुलांचं म्हणणं, आम्ही फसलो, फी तर भरली होती. काही जण त्या फीसाठी कोर्टातही गेले. कोण किती खरं, यात मी पडत नाही. पण एक गोष्ट सांगतो. या दोन्ही संस्थांची नावं सरकारच्या अधिकृत यादीत होती. यादी बघणाऱ्याला सगळं हिरवंगार दिसत होतं.

यादी तरी कोणी बघितली असेल. मी तेवढंही केलं नव्हतं. आता मी जे सांगणार आहे ते आजवर घराबाहेर सांगितलेलं नाही.

२०१४ ची गोष्ट. सांगलीहून माझ्या मामेभावाचा फोन आला. "दादा, अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीत एम. एस.ला ॲडमिशन मिळतेय. एजंट म्हणतो लगेच पैसे भरा. तू तिकडे आहेस, बघ ना जरा." ती वर सांगितलेल्या दोन्हींपैकी नव्हती. दुसऱ्याच राज्यातली एक लहान खासगी संस्था होती, तिचं नाव घेत नाही. मी दोन मीटिंगांच्या मध्ये वेबसाईट उघडली. हिरवळ, लायब्ररी, हसरी मुलं. पानाचं डिझाईन नीटनेटकं, लिंका चालत होत्या, कुलपाची खूण होती. मी संध्याकाळी कळवलं, "साईट चांगली आहे. हरकत नाही."

इंजिनिअर माणूस! मला विचारलं होतं युनिव्हर्सिटीबद्दल आणि मी तपासली वेबसाईट.

मामांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले. पोरगा आला. युनिव्हर्सिटी म्हणजे एका ऑफिस बिल्डिंगमधल्या दोन खोल्या, शेजारी दाताचा दवाखाना. पहिले दोन महिने शनिवारी कोणीतरी येऊन शिकवायचं. नंतर 'पुढचं वेळापत्रक ईमेलने कळवू' असं म्हणाले, आणि तो ईमेल काही आला नाही. त्याने हातपाय मारले, एका सरकारी कॉलेजात बदली मिळवली. वर्ष गेलं, पैसे गेले. आज त्याचं चांगलं चाललंय, मला एका शब्दाने कधी बोलला नाही. मामाही बोलले नाहीत. फक्त दोन वर्षांनी एका लग्नात, पंगतीत शेजारी बसलो असताना, ताटाकडे बघत म्हणाले, "वेबसाईट मात्र चांगली होती म्हणे." जिलबी माझ्या घशाखाली उतरली नाही.

म्हणून त्या पार्किंग लॉटमधल्या ताईंना मी मनातल्या मनात हसलो होतो ते मागे घेतो. नाव कानाला बरं लागलं की आपण पुढचा प्रश्न रँकिंगचा विचारतो. मी तर तोही न विचारता हिरवळ बघून खूष झालो होतो.

परवा त्या निबंधवाल्या मुलाला मी विचारलं, "काय रे, रॉबिन हडसनला गेला, तिथे तो काय शिकला?" त्याने विचार केला, बराच विचार केला. मग म्हणाला, "सर, ते दाखवतच नाहीत. तो क्लासला निघाला की कोणीतरी व्हिलन येतो."

पोरगा बरोबर बोलला! टीव्हीवर आठवून बघा. डिटेक्टिव्ह दार ढकलून वर्गात येतात तेव्हा प्रोफेसरचं शेवटचं वाक्य चालू असतं. 'पुढच्या वेळी पंचवीस पानं वाचून या.' मुलं दप्तरं उचलतात. इतकी वर्षं, इतके भाग, पण हडसनमध्ये अख्खा तास झालेला मी तरी पाहिला नाही. इमारत आहे, पायऱ्या आहेत, जिमपासून डीनपर्यंत सगळं आहे. तेवढा वर्ग राहून गेलाय. गोष्टीला तो लागतच नाही. आपल्याला मात्र लागतो.

आता भारतातून भाच्या-पुतण्यांचा फोन आला की मी दोनच प्रश्न विचारतो. पहिला, वर्ग कोणत्या वारी, किती वाजता भरतो? दुसरा, त्या वर्गात आत्ता बसणाऱ्या एका तरी विद्यार्थ्याशी तू स्वतः बोललास का? एजंटाशी नाही, एजंटाने दिलेल्या नंबरवर नाही. यादी बघाच, मान्यता बघाच, पण त्यावर थांबू नका. या दोन प्रश्नांची उत्तरं मिळायला एक आठवडा लागतो. माझ्या मामेभावासाठी मी आठ मिनिटं दिली होती.

आणि आपली इथली मुलं सतरा-अठराची होतील तेव्हा पार्टीत 'कुठे मिळाली?' हे आपण विचारणारच, जित्याची खोड आहे ती. पण सहा महिन्यांनी ते पोर थँक्सगिव्हिंगला घरी आलं की 'आज काल वर्गात काय चाललंय?' हेही विचारा. सांगताना त्याचे डोळे चमकले तर समजा की पैसे वसूल.

शेवटी एक सांगून थांबतो, कारण समितीच्या सेक्रेटरी घड्याळ दाखवतायत. आपली मराठी शाळा भाड्याच्या दोन खोल्यांत भरते. रँकिंग नाही, बोधचिन्ह नाही, वेबसाईट मीच केली आहे त्यामुळे ती धड चालत नाही. पण रविवारी सकाळी दहाला वर्ग भरतो. बर्फ पडला तरी भरतो. ज्यांना खात्री करायची आहे त्यांनी येऊन मागच्या बाकावर बसावं. दोन शिक्षक कमी आहेत, तेव्हा फार वेळ बसू देणार नाही, सरळ खडू हातात देईन!

सर्वांना येत्या दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा. चला, मसालेभात गार होतोय.