न वापरलेला दीड जीबी

1854 साली सरकारी टपालाने अर्ध्या आण्यात हिंदुस्थानात कोठेही पत्र नेण्याचे पत्करले, तेव्हा सर्वत्र एकच दर घेण्याबरोबर पत्र सर्वत्र पोहोचविण्याची जबाबदारीही त्याने घेतली होती. आज मोबाईल कंपन्यांचे दर दादरला आणि मोखाड्याला बहुधा सारखेच असतात; जबाबदारी मात्र सारखी नाही. मोखाड्यातल्या खोडाळ्याच्या बाजूस, गावात रेंज नाही म्हणून कॉलेजातली पोरे संध्याकाळी वळणावरच्या मोरीच्या कठड्यावर मोबाईल उंच धरून बसतात, तेथे पॅकमधल्या रोजच्या दीड जीबी डेटातला कितीसा भाग त्यांच्या हाती लागत असेल? उरलेला मध्यरात्री बुडतो.

कंपन्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. टॉवरची क्षमता साठवून ठेवता येत नाही, रात्रीची मोकळी क्षमता सकाळच्या गर्दीत कामास येत नाही, म्हणून दैनिक मर्यादा घालावी लागते, हे रास्तच आहे. परंतु जेथे टॉवरची रेंज पोहोचलीच नाही, तेथे ग्राहकाने डेटा वापरला नाही असे न म्हणता कंपनीने तो दिलाच नाही असे म्हणणे अधिक प्रामाणिक होईल. आणि न दिलेल्या मालाचे दाम वसूल करण्याचा दस्तूर जव्हारच्या आठवडे बाजारातही नाही.

मुदतीचे प्रकरण याहून विचित्र. 28 दिवसांच्या पॅकमुळे वर्षास 13 रिचार्ज मारावे लागतात; दुष्काळातला तेरावा महिना येथे दर वर्षी येतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, 2022 मध्ये 30 दिवसांचा निदान एक पॅक ठेवण्याचा आणि डिसेंबर 2024 मध्ये नेटविना, केवळ कॉल व संदेशांपुरता पॅक देण्याचा हुकूम काढला. दर ठरविण्याची मुभा मात्र कंपन्यांकडेच राहिली. दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जाणाऱ्या वारली-कातकरी कुटुंबांना गावातल्या म्हाताऱ्यांची खबर घेण्यापुरताच फोन लागतो, त्यांना पहिल्या हुकुमापेक्षा दुसरा अधिक उपयोगी.

यात सरकारही अलिप्त नाही. जानेवारी 2023 पासून रोजगार हमीच्या कामांवरील हजेरी छायाचित्रासह मोबाईलवर नोंदविणे सक्तीचे झाले. मजुराचा दिवस भरला की नाही हे ज्या छायाचित्रावर ठरावयाचे, ते वर चढविण्यासाठी मोबाईल बहुधा कामावर देखरेख करणाऱ्या मेटचा आणि पॅकही त्याच्याच पदरचा! ग्रामीण सेवेसाठी सरकार दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलाचे 5 टक्के घेते. त्यातून जमणाऱ्या निधीस हल्ली डिजिटल भारत निधी म्हणतात. त्यातून टॉवर उभे राहतील तेव्हा राहोत. तोवर रेंज नसलेल्या गावांतील न वापरलेला डेटा पुढच्या रिचार्जमध्ये जमा धरावा, आणि मेटच्या पॅकचे पैसे हजेरीच्या मस्टरबरोबरच चुकते करावेत.