देवळाचे साक्षीदार

(यवतमाळच्या अभ्यासवर्गातलं भाषण)



आपल्या एका पोट्ट्यानं अंकासाठी लेख आणलाय. लोहाऱ्याचं कमलेश्वराचं देऊळ मुळात बुद्धविहार होतं, असं तो लिहितो. पुरावा काय? तर दगड जुना आहे आणि भटांनी आपलं सगळं चोरलंच आहे. आता चोरी झाली याबद्दल मला त्याच्याशी भांडायचं नाही. पण फिर्याद लिहायची तर कोणत्या घरातून काय गेलं, कधी गेलं, पाहिलं कोणी, हे सांगावं लागतं. नुसतं 'ते चोर आहेत' म्हटलं तर ठाणेदार हाकलून देतो. आपल्या माणसाला तर सगळ्यात आधी.

म्हणून आज साक्षीदारांबद्दल बोलायचंय.

आधी त्यांचे साक्षीदार घेऊ. कळंबचा चिंतामणी म्हणे खुद्द इंद्रानं बसवला, गौतम ऋषीच्या शापातून सुटायला. बारा वर्षांनी गंगा येऊन त्याचे पाय धुते. असल्या स्थळमाहात्म्याला काय विचारायचं? देऊळ कधी बांधलं हे विचारूच नका, ते त्याला ठाऊक नाही. पण यात्रेकरूनं काय मानावं आणि दक्षिणा कुठं ठेवावी, हे ते बिनचूक सांगतं. तेवढ्यापुरती ती साक्ष एकदम पक्की.

दुसरा साक्षीदार म्हणजे 'हेमाडपंती' हा शब्द. आपल्या जिल्ह्यात चुना न लावता रचलेलं काळ्या दगडाचं कोणतंही देऊळ दिसलं की मास्तरापासून मार्गदर्शकापर्यंत सगळे म्हणतात, हेमाडपंती. हा हेमाद्री यादवांच्या दरबारातला, महादेव आणि रामदेवराव यांच्या वेळचा, म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. आणि अंबरनाथच्या देवळातला शिलालेख शके 982 चा, म्हणजे 1060 सालचा. त्यालाही लोक हेमाडपंतीच म्हणतात! दोनशे वर्षं आधी पंत कुठून आले? लोककथा तर अशी की पंतांनी लंकेतून औषध आणलं आणि एका रात्रीत देवळं उभी करून घेतली. ज्यांनी खाण फोडली, घण मारला, त्या वडार-पाथरवटांचं नाव कुठंच नाही, आणि एका कारभाऱ्याचं नाव अख्ख्या वऱ्हाडाच्या दगडाला चिकटलंय. ही नुसती तारखेची चूक नाही बरं का. तरी एका देवळाची तारीख ठरवायला हा शब्द शून्य कामाचा.

तिसरा साक्षीदार साहेबांचं गॅझेटिअर, 1908 चं. इंग्रजाला आपल्या देवळात गुंतवणूक नव्हती, म्हणून तो खरा, असं आपल्यातले काही मानतात. साहेब लिहायचा खरा, पण त्याला सांगणारे कोण होते? पाटील, देशमुख, कचेरीतले कारकून. महारवाड्यात कोणी खुर्ची टाकून बसलं नव्हतं. मोजमापं घ्या, यात्रेची वेळ घ्या. 'असे सांगतात' म्हणून जे येतं ते सांगणाऱ्याच्या खात्यावर मांडा. आणि जुने कागद शोधताना एक लक्षात ठेवा. 1905 च्या आधी हा जिल्हा 'वूण' नावानं, म्हणजे आपल्या वणीच्या नावानं सापडतो. यवतमाळ शोधत बसाल तर रिकामे परत याल.

आता आपले साक्षीदार. इथं हात जड होतो, ठाऊक आहे.

25 डिसेंबर 1954 ला देहूरोडला बुद्धमूर्ती बसवताना बाबासाहेब म्हणाले की पंढरपूरचा विठोबा म्हणजे बुद्धच, आणि हे आपण लिहून सिद्ध करणार आहोत. ते लिखाण पुरं व्हायच्या आत 1956 साली ते गेले. मग रा. चिं. ढेऱ्यांचा 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' 1984 साली आला. त्यांनी विठ्ठलाचं मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधलं. पण संतांनी विठ्ठलाला बुद्धावतार म्हटल्याचे दाखलेही त्यांनीच मांडले. या दाखल्यांवरून काय सिद्ध होतं? मध्ययुगात माणसं विठ्ठलाकडे बुद्ध म्हणून पाहत होती, एवढं नक्की. मूर्ती मुळात बुद्धाची होती, हे त्यावरून सिद्ध होत नाही. मधला रस्ता अजून चालायचाय.

आणि हे मी बाबासाहेबांच्या विरुद्ध बोलत नाही. 'द अनटचेबल्स' 1948 चं. त्याची प्रस्तावना वाचा. दुवे तुटलेत तिथं आपण तर्कानं जोडलंय, हे त्यांनी स्वतः उघड सांगितलंय. तर्काला तर्क म्हणून मांडायची हिंमत त्यांच्यात होती. आपण त्यांचा तर्क उचलतो आणि त्यावरची चिठ्ठी फाडून टाकतो.

रामटेकजवळच्या मनसरचं बघा, आपल्या विदर्भातलंच आहे. 1990 च्या दशकाच्या शेवटी बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्थेच्या वतीनं जगत्पती जोशी आणि अरुणकुमार शर्मा यांनी तिथं खोदायला घेतलं. स्तूपाचे अवशेष मिळाल्याचं त्यांनी नोंदवलं. हॉलंडचे हान्स बक्कर म्हणाले, टेकडीवरचं ते वाकाटक प्रवरसेन दुसऱ्याचं प्रवरेश्वर, शिवाचं देऊळ. मातीच्या एका छोट्या मुद्रेवर प्रवरेश्वराचं नावच निघालं. त्याआधी नागपूरचे मोठे पंडित वा. वि. मिराशी प्रवरसेनाची राजधानी वर्ध्याजवळच्या पवनारला धरत होते. म्हणजे चिमूटभर मातीनं पंडितालाही अडचणीत आणलं.

आपल्याकडचे काही मुद्रा बाजूला सारतात आणि स्तूप तेवढा सांगतात. तिकडचे स्तूप गिळतात आणि मुद्रा ओवाळतात. दोन्हीला मी लबाडी म्हणतो. मुद्रा सांगते की पाचव्या शतकात तिथं प्रवरेश्वराचा कारभार होता. खाली काय होतं, ते तिला विचारू नका. आणि खाली स्तूप निघाला तरी तो पाडला की ओस पडला, पाडला तर कोणी, याला वेगळा पुरावा लागतो.

पोरं म्हणतील, काहून एवढा त्रास? अशासाठी की एक पत्रक खोटं पडलं की आपली खरी दहा पत्रकं त्याच्याबरोबर बुडतात. आणि देवळाच्या इतिहासात आपल्याकडे असं एक प्रकरण आहे जे कोणाचा बाप खोडू शकत नाही. ते पायाचं नाही, दाराचं आहे. पंढरपूरला चौऱ्यांशीच्या शिलालेखात 1273 ते 1277 मधल्या देणगीदारांची नावं कोरलीत. चोखोबाची समाधी मात्र महाद्वाराबाहेर, पायरीपाशी. आणि ते दार उघडायला 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपास करावा लागला. अमरावतीला अंबादेवीसाठी 1927 साली सत्याग्रहाची परिषद भरली, बाबासाहेब अध्यक्ष होते. 1947 सालीच मध्यप्रांत-वऱ्हाडात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. कायदा छापला गेला. पण लोहाऱ्याला, कळंबला, तुमच्या गावच्या मारुतीला त्यानंतर पहिल्यांदा आत कोण गेलं, कोणी अडवलं? हे कोणत्या गॅझेटिअरात आहे?

ते आहे पंच्याऐंशीच्या आजीच्या डोक्यात. तिलाही तीच कसोटी लावा. पाहिलं की ऐकलं, हे पहिल्यांदा विचारा. दोन म्हाताऱ्यांना वेगवेगळं बसवा, एकीसमोर दुसरीला विचारलं की दोघींचं एकच होतं. साल तिला सांगता येणार नाही, तर विचारा, दीक्षेच्या आधी की मागून? तुझं लग्न झालं होतं का? तुम्हाला हवं ते तिच्या तोंडात घालू नका. तिचे शब्द तसेच वऱ्हाडीत उतरवा, पुस्तकी करू नका. आणि ती म्हणाली की आम्हाला कोणी अडवलं नाही, तर तेही लिहा.

लोहाऱ्याचा लेख मी परत दिलाय. तो पोट्टा पुढच्या रविवारी दोघांना घेऊन जाणार आहे. मोजपट्टी घ्या, कॅमेरा घ्या, फोटोत पट्टी दिसली पाहिजे. देवळात दुपारपर्यंत आटपा. बाकीचा दिवस वस्तीत घालवा.