हायस्कुलाच्या नावासाठी गाव सोडावे काय?

(सातवीतील मुलांच्या आईबापांपुढे केलेले भाषण)



हरभरा काढून, मळणी उरकून तुम्ही थकूनभागून येथे जमला आहात, तेव्हा पाल्हाळ लावीत नाही. आपल्या वाडीची जिल्हा परिषदेची शाळा सातवीस संपते. पुढे काय, हा प्रश्न दरसाल उन्हाळ्यात घरोघर निघतो. कोणी म्हणतो, पोरास चार मैलांवरच्या हायस्कुलात घालू. कोणी म्हणतो, छे, तालुक्याच्या त्या मोठ्या हायस्कुलाचे नाव आहे; तेथेच खोली करू आणि शेत वाट्याने लावू. अशा बेताने आपल्या आळीतली चार घरे कुलुपबंद झाली. सुतारमेटावरचा ठोका थांबला तो थांबलाच. मुलास शिकविण्यासाठी घर सोडणे हा काही गुन्हा नव्हे. पण बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो, जूं मानेवर ठेवून पाहतो. आणि ज्याच्यासाठी घरदार हलवायचे ते हायस्कूल मात्र नुसत्या नावावर घेतो. हे आम्हीही केले आहे, म्हणून बोलण्याचा अधिकार आहे असे समजतो.

२०१४ सालच्या जून महिन्यात आमच्या थोरल्या मुलास आम्ही शहरातल्या एका नावाजलेल्या हायस्कुलात आठवीस घातले. शाळेचे नाव घेत नाही, त्याचे कारण नाही. मुलाबरोबर त्याची आई गेली. अठराशे रुपये भाड्याची एक खोली केली. दूध काढायला घरी कोणी नाही म्हणून दुभती म्हैस विकली. आणि शहरात तेच दूध पिशवीतून विकत घेऊ लागलो. घरची बाई शेतातून उठली म्हणजे तिच्या जागी रोजाची बाई लावावी लागते, हा हिशेब निघताना कोणाच्या ध्यानात येत नाही. आमच्या आला नाही. पहिल्या वर्षीच वहीत तोटा दिसू लागला. पण पोर शिकते आहे ना, म्हणून आम्ही वही मिटली.

पोर शिकत होते काय? वर्गात सत्तरांवर मुले. अ तुकडीत वकील, डॉक्टर, मास्तर यांची मुले. आमचा मुलगा शेवटच्या तुकडीत. अ तुकडीस जुने जाणते मास्तर. शेवटच्या तुकडीस दर सहा महिन्यांनी नवा. आम्ही फाटकापाशी उभे राहून पाटी वाचली, की छाती फुगायची. आत काय चालले आहे ते पाहण्याचे धैर्य झाले नाही. धोतर नेसून हेडमास्तरांच्या खोलीत शिरावे कसे, ही लाज. ही लाज आम्हांस फार महाग पडली. २०१६ च्या एप्रिलात मुलगा नववीस गणितात व विज्ञानात नापास झाला. कचेरीतल्या गृहस्थांनी सांगितले, "दाखला काढून न्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा, दहावीस बाहेरून बसेल." त्या वर्षी त्या शाळेच्या फाटकावर शंभर टक्के निकालाचा फलक लागला होता.

मंडळी, तो फलक खोटा नव्हता. दहावीस जेवढी बसविली तेवढी पास झाली. पण आठवीस किती आली होती आणि दहावीस किती पोहोचली, हे फलकावर कोणी लिहीत नाही. शेतात शंभर रोपे लावावी, किडकी चाळीस गुपचूप उपटून बांधावर टाकावी, आणि उरलेली साठ दाखवून म्हणावे की आमच्या शेतात एकही रोप किडले नाही. असा हा हिशेब आहे. शिवाय नुसत्या निकालाने शाळा ओळखावी असे दिवस आता राहिले नाहीत. सबंध राज्याचा दहावीचा निकाल २०२३ साली ९३.८३ टक्के लागला, २०२४ साली ९५.८१ आणि २०२५ साली ९४.१० टक्के. जेथे सगळेच पास होतात तेथे पास होण्यावरून कोणाची परीक्षा करणार? त्यात प्रत्येक विषयाचे शंभरांपैकी वीस मार्क शाळेच्याच हाती असतात.

बरे, टक्केवारी बाजूस ठेवून पहिला आलेला मुलगा पाहू म्हणाल, तर तेथेही एक गोम आहे. ज्या हायस्कुलात घरून शिकलेली, क्लासला हजारो रुपये भरणारी मुले येतात, ती शाळा मुलांस शिकविते, की मुलेच शाळेस नाव देतात? काळ्या कसदार रानात शाळू जोरकस आला म्हणून पेरणाऱ्याची वाहवा करू नये. माळावर ज्याने पीक आणले त्याच्याकडे जाऊन विचारावे, बाबा, तू केलेस काय? तुमच्या-आमच्यासारख्यांची मुले ज्या शाळेत जातात, आणि त्यांतली जी पुढे सरकतात, त्या शाळेचे नाव आपल्या कामाचे.

हे मोजण्यास एक चांगले माप सांगतो. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते; लोक तिला एनएमएमएस म्हणतात. घरचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल त्याच्याच मुलास ती देता येते. जो निवडला जातो त्यास नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला बारा हजार रुपये मिळतात. श्रीमंताचा मुलगा या परीक्षेस बसू शकत नाही. तेव्हा कोणत्याही हायस्कुलात जाऊन एवढेच विचारा, गेल्या तीन वर्षांत तुमची किती मुले एनएमएमएसला बसली आणि किती निवडली गेली? ज्या मास्तरांनी गरिबाच्या पोरांवर मेहनत घेतली असेल ते नावांसकट सांगतील. बाकीचे विषय बदलतील.

आता आमच्या थोरल्याचे पुढे सांगतो. त्यास घरी आणले आणि याच चार मैलांवरच्या हायस्कुलात पुन्हा नववीस बसविले. तेथे वर्गात अडतीस मुले. पत्र्याची शाळा, फाटकच नाही मग फलक कोठे लागणार? गणिताच्या मास्तरांनी आठ दिवसांत आम्हांस बोलावून सांगितले, "याला अपूर्णांकांचा भागाकार येत नाही, पाचवीपासून राहून गेला आहे." दोन वर्षे शहरात राहून, म्हैस विकून, हे आम्हांस कोणी सांगितले नव्हते. २०१८ साली मुलगा एकसष्ट टक्क्यांनी दहावी झाला, आयटीआयत वीजतंत्री झाला, आज मोटारी भरतो.

तेव्हा पत्र्याची शाळा चांगली आणि पक्क्या इमारतीची वाईट, असे का? तसे आम्ही म्हणत नाही. धाकट्या मुलीच्या वेळी, २०२२ साली, त्याच चार मैलांवरच्या हायस्कुलात विज्ञानाची जागा रिकामी होती आणि ते गणिताचे मास्तर निवृत्त झाले होते. शाळेचे नाव तेच, पण आत माणूस नाही. मग आम्ही तालुक्यास गेलो, या खेपेस डोळे उघडे ठेवून. दोन हायस्कुले पाहिली. स्नेहसंमेलनाच्या दिवशी नव्हे. साध्या मंगळवारी, दुपारच्या सुट्टीनंतर, जेव्हा मास्तर व मुले दोघेही कंटाळलेली असतात. मुलांच्या वह्या मागून पाहिल्या; लाल शाईची सही आहे, पण चुकीवर खूण आहे काय? प्रयोगशाळेच्या टेबलावर धूळ आहे की डाग? मुलींच्या संडासास पाणी आहे काय? हे शेवटचे आमच्या मंडळींनी आत जाऊन पाहिले. आम्ही एकटे गेलो असतो तर सुचलेही नसते. नाव थोडे असलेल्या शाळेस आम्ही मुलगी दिली.

आणि घर हलविले नाही. राज्य परिवहनाच्या गाडीत बारावीपर्यंतच्या मुलींस शाळेसाठी अहिल्यादेवी होळकर योजनेचा पास फुकट मिळतो. मुलांस तिकिटाच्या एकतृतीयांश पैशात मासिक पास मिळतो. प्रश्न पैशाचा नव्हता, गाडीच्या वेळेचा होता. संध्याकाळची गाडी शाळा सुटण्याआधी जात असे. सात गावच्या पालकांनी सह्या करून आगारप्रमुखांस अर्ज दिला, दोन वेळा खेटे घातले, तेव्हा गाडी पाऊण तासाने पुढे गेली. एका अर्जाने सात गावांच्या मुली घरी राहून शिकल्या. आमच्या मुलीस एनएमएमएस मिळाली नाही, थोडक्यात हुकली. तिच्याच वर्गातल्या एका लोहाराच्या मुलास मिळाली.

परदेशाची एक गोष्ट ऐकून ठेवा. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी घर ज्या हद्दीत, त्या हद्दीचे सरकारी हायस्कूल मुलास मिळते. म्हणून लोक शाळा पाहून घर घेतात, आणि चांगल्या शाळेच्या हद्दीतली घरे महाग होऊन गरीब आपोआप बाहेर राहतो. आपल्याकडे तसे नाही. हायस्कुलाच्या समोर खोली घेतली म्हणून नववीत जागा मिळेलच, असा कायदा नाही. खोलीची अनामत देण्याआधी प्रवेश लेखी पक्का करा. हे उलटे करून बसलेले दोघे जण या सभेत आहेत. त्यांची नावे घेत नाही.

काही घरांस खरोखरच गाव सोडावे लागेल, हे आम्ही जाणतो. जेथे गाडीच जात नाही, पावसाळ्यात ओढा चार महिने वाट अडवितो, तेथे काय करावे? तेथेही सगळे घर हलविण्याआधी वसतिगृह पाहावे. हा विचार आमचा नव्हे. शाहू छत्रपतींनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे केले, १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले, आणि पुढे निरनिराळ्या जातींच्या मुलांची वसतिगृहे होत गेली. शिक्षण शहरात होते, कुणब्याचे रान खेड्यात होते. महाराजांनी रान सोडावयास लावले नाही, पोरास भाकरी व छप्पर दिले. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यास सगळ्या जातींच्या मुलांचे वसतिगृह केले, आणि मग शाळाच खेड्यांकडे चालत आणली. आज समाजकल्याण खात्याची वसतिगृहे आहेत, जिल्ह्याजिल्ह्यांत नवोदय विद्यालये आहेत. नवोदयची मुख्य प्रवेशपरीक्षा मात्र पाचवीत द्यावी लागते, हे धाकट्या मुलांच्या आईबापांनी आजच लक्षात ठेवावे.

आता कामाचे. दहावीचे पेपर संपले, की नववीचे वर्ग पुन्हा नीट भरू लागतील. त्या आठवड्याच्या मंगळवारी आम्ही तालुक्यास जाणार आहोत. जीपमध्ये आठ जणांची जागा आहे, त्यांत निम्म्या बाया असाव्यात. चार मैलांवरच्या हायस्कुलात विज्ञानाची जागा भरली की नाही, तेही वाटेत उतरून पाहू. ज्यांना यायचे असेल त्यांनी भाषण संपल्यावर नावे सांगावीत. आणि मुलाची सातवीची गणिताची वही बरोबर घ्यावी.