विमान तीन तासांचं, वाट किती तासांची?

आज विमानाच्या तासांबद्दल बोलूया. तुम्ही म्हणाल, आपल्या बचत गटाला विमानाचं काय? पण आपल्या भागात कितीतरी घरांतला मुलगा, नवरा, दीर आखातात कामाला आहे. घरात कुणी गंभीर आजारी पडलं की पहिला प्रश्न तोच, तो कधी पोचेल? कुणीतरी पटकन सांगतं, "विमानाने तीन तासांत येईल." मग सगळे दाराकडे बघत बसतात.

हे उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. दुबई ते मुंबई सरळ अंतर सुमारे १,९०० किलोमीटर. विमानाला साधारण तीन तास लागतात. पण तिकिटावरच्या वेळा बघून गोंधळ होतो. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. तिकिटावर सुटायची वेळ तिथली असते आणि पोचायची इथली. तिथून सकाळी १० ला सुटलेलं विमान मुंबईत दुपारी अडीचला उतरतं. बघताना साडेचार तास वाटतात, प्रवास मात्र तीनच तासांचा.

आता दारापासून दारापर्यंत मोजूया. परदेशी विमानासाठी विमानतळावर तीन तास आधी जावं लागतं. मग विमानाचे तीन तास. मुंबईत पासपोर्टची तपासणी आणि सामान यात तास-दीड तास. तिथून दादर किंवा ठाणे स्टेशन गाठायला आणखी तास-दीड तास. पुढे कणकवलीपर्यंत रेल्वेचे आठ ते दहा तास आणि कणकवलीहून फोंड्याला येणं वेगळं. बेरीज अठरा-एकोणीस तासांवर जाते. शिवाय रजा, तिकीट मिळणं आणि गाडीची वाट बघणं यात धरलेलंच नाही. रात्रीची गाडी चुकली तर पुढची मिळेपर्यंत थांबणं आलं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, गाड्या सावकाश चालतात.

मुंबई ते कणकवली अंतर दुबईच्या जेमतेम पाव, पण वेळ तिप्पट. आपली खरी लांबी इथे आहे.

जवळच्या वाटाही माहीत असू द्या. जून २०२३ पासून मुंबई-मडगाव वंदे भारत सुरू आहे, ती कणकवलीला थांबते. सहा तासांच्या आसपास लागतात, पण ती पहाटे सुटते आणि रोज नसते. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, तिथली उड्डाणं मोजकी, आधी चौकशी करावी. गोव्यातलं मोपा जानेवारी २०२३ पासून चालू आहे, बांद्यापासून जवळच. मुलाला तिथपर्यंतचं तिकीट मिळालं तर रात्रभराची रेल्वे वाचते.

हा हिशेब घरातल्या बाईला यायला हवा. म्हातारं माणूस शेवटच्या घटका मोजत असताना मुलाला कधी कळवायचं, काही बरंवाईट झालं तर किती थांबायचं, हे त्यावरच ठरतं. "अजून कसा आला नाही?" म्हणून वाटेतल्या पोरावर राग काढण्यात अर्थ नाही. तोही तिकडे जीव मुठीत धरूनच निघालेला असतो.

म्हणून पुढच्या बैठकीत एक काम करा. ज्यांचं माणूस बाहेर आहे, त्यांनी वहीच्या एका पानावर लिहा: त्याचं शहर, घड्याळातला फरक, जवळचा विमानतळ, कणकवलीच्या गाड्यांच्या वेळा, त्याच्या सोबत्याचा फोन नंबर. तातडीच्या तिकिटाला गटातून अंतर्गत कर्ज किती आणि किती लवकर देता येईल, तेही आजच ठरवा. वेळ आली की डोकं चालत नाही, तेव्हा ते पान उपयोगी पडतं.

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.